सोतेर्नला शेवटच्या पंगतीला का बसवलं?

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका ताईंनी विचारलं होतं, "गोड वाइन ही नवशिक्यांची वाइन असते म्हणतात. खरं का?" वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही "नाही" एवढंच म्हणालो आणि आवरतं घेतलं. पण ते उत्तर नंतर आम्हालाच टोचत राहिलं. "नाही" म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर होती फ्रान्सची सोतेर्न. तिचं नाव सगळे आदराने घेतात, पीत मात्र फारसं कोणी नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खुर्ची द्यायची, नमस्कार करायचा आणि मग गप्पा मारायला दुसऱ्या खोलीत जायचं, तसं काहीसं. हे असं का झालं, आणि त्यात चव घेण्याच्या आणि जेवणाशी जोडी लावण्याच्या शिकवणुकीचा हात किती, हा आजचा विषय.

"आम्ही" म्हणजे कोण, हे नव्या श्रोत्यांसाठी सांगून टाकतो. ही व्याख्यानं आम्ही तिघं मिळून तयार करतो. बोलतो एक, भांडतो तिघं.

आधी वाइन कशी होते ते थोडक्यात. बोर्दो शहराच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर, गारोन नदीच्या डाव्या काठाला सोतेर्नचा टापू आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक ही पाच गावं. लांदच्या जंगलातून, झाडांच्या सावलीतून सिरों नावाची एक लहानशी नदी येते. तिचं पाणी थंड, गारोनचं त्या मानाने उबदार. शरद ऋतूत दोन्ही पाणी भेटलं की पहाटे धुकं उठतं, मळ्यांवर पसरतं, आणि दुपारी ऊन पडलं की विरतं. या ओल्या सकाळी आणि कोरड्या दुपारी बोत्रितिस नावाच्या बुरशीला फार मानवतात. ती द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं, द्राक्ष सुरकुततं, आणि उरलेल्या रसात साखर आणि आंबटपणा दोन्ही दाटतात. शिवाय बुरशी स्वतः थोडी साखर खाते, थोडं आम्ल खाते, आणि बदल्यात नवे वास आणि ग्लिसरॉलचा तो तुळतुळीतपणा ठेवून जाते. म्हणजे हे नुसतं द्राक्ष वाळवणं नव्हे. फ्रेंच लोक याला "खानदानी कुज" म्हणतात. पण गंमत बघा, पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी, अगदी तीच, द्राक्षाचा लगदा करून टाकते. तेव्हा तिला कोणी खानदानी म्हणत नाही.

मळ्यातली सगळी द्राक्षं एकाच दिवशी अशी सुकत नाहीत. म्हणून तोडणी करणारी माणसं त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात, घडातले तयार झालेले मणी तेवढे काढतात. चार-पाच फेऱ्या, कधी त्याहून जास्त, कधी थेट नोव्हेंबरपर्यंत. इथल्या नियमाप्रमाणे हेक्टरी जास्तीत जास्त 2500 लिटर वाइन काढता येते. 1855 च्या प्रतवारीत ज्या एकट्या घराण्याला सगळ्यांच्या वरची स्वतंत्र पायरी मिळाली, त्या शातो दिकेममध्ये हा आकडा सरासरी 900 लिटरच्या आसपास असतो. एका वेलीला एक ग्लास, असं तिथे म्हणतात. आणि साल बिघडलं तर तेही नाही. 1992 साली आणि 2012 साली इकेमने आपल्या नावाने गोड वाइन काढलीच नाही.

तर इतक्या कष्टाची ही वस्तू. आता ती चाखायची कशी?

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं तिथे गेलो होतो. एका घराण्यात चव घेण्याचा कार्यक्रम होता. घराण्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा एकट्यांचा नाही, सगळीकडे तेच चालतं. छान दगडी खोली, पांढरं टेबल, समोर तीन ग्लास, आणि एक हसतमुख मार्गदर्शक. ग्लास नाकाशी जायच्या आत त्यांनी सांगून टाकलं: इथे तुम्हाला जर्दाळू मिळेल, इथे मध, इथे संत्र्याची साल, आणि या तिसऱ्यात थोडा क्विन्स. आम्ही वास घेतला, माना डोलावल्या, वहीत लिहिलं. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. रात्री मुक्कामावर वह्या ताडून पाहिल्या, तर तिन्ही वह्यांत शब्दाला शब्द तेच. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, क्विन्स.

यात वाईट काय? वाईट एवढंच, की क्विन्स हे फळ आमच्यापैकी एकानेही तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. खाल्लेलं तर नाहीच. तरी तिघांनाही ते "मिळालं" होतं.

ही आमची फजिती आहे, आणि ती सांगायला लाज वाटते. पण आजच्या व्याख्यानाचं मूळ त्या तीन वह्यांत आहे. चव घेणं म्हणजे ऐकलेला शब्द वाइनवर चिकटवणं, अशी आमची कधी सवय झाली ते आम्हाला कळलंच नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं. आज वाइनच्या वर्गांतून ते सर्रास वापरलं जातं. त्याच्यावर पुष्कळ टीका होते, पण आमच्या मते टीकाकार चुकीच्या माणसाला धरतात. त्या चक्रामागची कल्पना साधी होती: भारी-भारी विशेषणं सोडा, ओळखीचे शब्द वापरा, आणि शब्द शिकवायचा तर ती वस्तू समोर ठेवा. साध्या वाइनमध्ये जर्दाळूचा तुकडा घाला, हुंगा, मग दुसऱ्या वाइनकडे वळा. यातला "वस्तू समोर ठेवा" हा भाग गळाला आणि शब्दांची यादी तेवढी राहिली. यादी पाठ करणाराला परीक्षेत मार्क मिळतात. चव मात्र कळत नाही.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. लांगों नावाच्या जवळच्या गावात आम्ही उतरलो होतो. दुकानातून बार्साकची एक अर्धी बाटली आणली होती, 375 मिलीची, पंधराएक वर्षांची. रंग सोन्यावरून अंबरकडे झुकलेला. या वेळी ठरवलं की कोणी काही बोलायचं नाही, आधी लिहायचं. एकाने लिहिलं, "केशर." दुसऱ्याने लिहिलं, "गूळ करपायच्या आधीचा." तिसऱ्याने लिहून खोडलं होतं. आम्ही आग्रह केला तेव्हा ओशाळून म्हणाला, "मेथी. मेथीदाणे भाजताना येतो तो." बाकी दोघं पोट धरून हसलो. सोतेर्नमध्ये मेथी!

हसलो ते चुकलो. परत आल्यावर वाचताना कळलं की बोत्रितिस लागलेल्या गोड वाइनमध्ये, विशेषतः ती जुनी होत जाते तशी, सोतोलोन नावाचं एक द्रव्य वासाला हातभार लावतं. मेथीदाण्याचा जो ओळखू येणारा वास, तो याच द्रव्याचा. कच्च्या उसाच्या साखरेतही ते सापडतं. म्हणजे मेथी म्हणणारा आणि गूळ म्हणणारा, दोघंही वाइनच्या अगदी जवळ पोचले होते. आणि मेथीवाल्याने ते खोडलं होतं, कारण छापील यादीत मेथी नसते. केशर मात्र फ्रेंच लोकही म्हणतात, त्यामुळे केशरवाला सुटला.

यावरून "आपल्या" शब्दांचा झेंडा नाचवायचा नाही. सोतेर्न ही सोतेर्नचीच आहे, तिला पुरणपोळीची उपमा देऊन काही साधत नाही. मुद्दा एवढाच की ज्या वासाशी तुमचं लहानपणापासून नातं आहे, तो तुम्ही खरोखर ओळखता. बाकीचा ऐकीव.

आता जेवणाकडे येतो. इथे आमचं भांडण जरा मोठं आहे.

पुस्तकं उघडली की सोतेर्नसमोर तीन गोष्टी ठरलेल्या: फ्वा ग्रा, रोकफोर चीज आणि गोड पदार्थ. तिन्हींबद्दल आमचं मत वेगवेगळं आहे.

रोकफोरपासून सुरू करू, कारण तिथे वादच नाही. मेंढीच्या दुधाचं हे निळं चीज, दक्षिण फ्रान्समधल्या गुहांत मुरलेलं. 1925 साली फ्रान्समध्ये कायद्याने नाव राखून मिळालेलं ते पहिलं चीज. खारट, स्निग्ध, थोडं कडवट, जिभेला झोंबणारं. सोतेर्नचा घोट त्याच्यावर घेतला की मिठाने गोडवा उजळतो, गोडव्याने मिठाची धार बोथट होते, आणि वाइनच्या आंबटपणाने तोंडातला स्निग्धपणा धुऊन निघतो. बुरशीला बुरशी भेटते, असंही गमतीने म्हणता येईल. त्या रात्री लांगोंत आम्ही रोकफोरचा एवढासा तुकडा तिघांत पुरवून पुरवून खाल्ला. ही जोडी पुस्तकात आहे म्हणून नव्हे, खरी आहे म्हणून टिकली आहे.

फ्वा ग्राचं तसं नाही. हे म्हणजे बदकाला किंवा हंसाला नळीने सक्तीने चारून फुगवलेलं यकृत. सोतेर्नच्या शेजारचा लांदचा प्रदेश त्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे जोडी स्थानिक आहे हे मान्य. नाताळच्या जेवणात फ्रेंच घरांमध्ये ती असतेच. सक्तीने चारण्याच्या क्रूरपणामुळे काही देशांनी त्या प्रकाराला बंदी घातली, भारताने 2014 साली त्याची आयातच बंद केली. त्यामुळे इथल्या वर्गांत तो धडा निव्वळ तोंडी शिकवला जातो. पण नीतीचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला तरी चवीचा प्रश्न उरतोच. स्निग्धावर स्निग्ध, दाटावर दाट. पहिला घास आणि पहिला घोट, वा! दुसरा, ठीक. तिसऱ्याला जीभ झाकोळते. आणि हे सगळं जेवणाच्या सुरुवातीला! पुढच्या कशाचीच चव धड लागत नाही. आमच्या मते ही जोडी चवीपेक्षा थाटामाटाची जास्त आहे. दोन महागड्या वस्तू एका ताटात आल्या म्हणजे त्यांचं लग्न जमलं, असं नसतं.

तिसरा, गोड पदार्थ. इथे तर आम्ही सरळ विरोधात आहोत.

एक प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. पेढा खाल्ला आणि वर नेहमीचा चहा प्यालात की चहा फिका लागतो. साखर तेवढीच, चहा तोच, तरी पाणचट. पेढ्याने जीभ आधीच भरून टाकलेली असते. सोतेर्नचं तसंच होतं. तिच्यात लिटरला साधारण 120 ते 150 ग्रॅम साखर असते. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण बऱ्याच मिठायांपुढे हे काहीच नाही. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइनचा गोडवा हरवतो आणि उरतो तो आंबटपणा आणि अल्कोहोलचा चटका. हा नियम वर्गात शिकवतात, बरं का. "पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा." शिकवतात आणि पुढच्याच पानावर सोतेर्नसमोर क्रेम ब्रुले ठेवतात.

क्रेम ब्रुलेच्या बाजूने बोलणारे म्हणतील, अहो, वरच्या करपवलेल्या साखरेचा वास वाइनमध्येही असतो, सारख्याला सारखं मिळतं. मिळतं ना! पण मग वाइनमधला तो वास वेगळा कळतच नाही. आरशासमोर आरसा ठेवल्यासारखं होतं. आमची कसोटी साधी आहे: घास खाल्ल्यावरचा घोट आधीच्या घोटापेक्षा चांगला लागला पाहिजे. क्रेम ब्रुलेनंतर तो कधीच चांगला लागलेला नाही. जर्दाळूचा किंवा अननसाचा, फळाचा आंबटपणा शाबूत ठेवलेला, साखर बेताची असलेला टार्ट असेल तर गोष्ट वेगळी. चॉकलेटचं नावच काढू नका.

मग खावं तरी काय?

त्या रात्री आमच्यापुढे सगळ्यात जास्त काय खपलं, ते सांगतो. बाजारातून आणलेली भाजलेली कोंबडी. साधी, सालीवर मीठ, कडेला लिंबू. कुरकुरीत खारट साल, खालचं मऊ मांस, आणि त्यावर ही वाइन. गोडवा मागे सरकला आणि वाइन एकदम ताजी, जवळजवळ चटपटीत लागायला लागली. आम्ही तिघंही गप्प झालो, हे आमच्यात क्वचित घडतं. पहिल्यांदा कळलं की सोतेर्नमध्ये गोडपणा हा एक गुण आहे, सर्वस्व नाही. आणि ही काही आमची शोधून काढलेली जोडी नव्हे, त्या टापूतली माणसं कोंबडीबरोबर ती पितातच. पुस्तकांनी मात्र तिला तळटीपेत ढकललं आहे.

इतिहासही असाच आहे. 19 व्या शतकात फ्रेंच मेजवान्यांत सोतेर्न माशांबरोबर, शिंपल्यांबरोबर, म्हणजे जेवणाच्या पूर्वार्धात यायची. 7 जून 1867 रोजी पॅरिसच्या काफे आंग्ले या उपाहारगृहात रशियाचा झार, त्याचा युवराज आणि प्रशियाचा राजा यांचं जे गाजलेलं जेवण झालं, त्यात सोल, टर्बो आणि लॉब्स्टर होते, आणि वाइनच्या यादीत 1847 सालची इकेम होती. पुढे 20 व्या शतकात कोरडी वाइन म्हणजे समजदारपणा आणि गोड वाइन म्हणजे भाबडेपणा, अशी समजूत घट्ट झाली. गोड वाइन मग हळूहळू जेवणाच्या शेवटी गेली. आता शेवटच्या पंगतीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पोट भरलेलं, गाडी चालवायची आहे, कोणीतरी म्हणतं, "आता नको, कॉफीच घेऊ."

याची किंमत कोण मोजतं? वेलीमागे एक ग्लास काढणारा. सोतेर्नची विक्री बराच काळ अवघड झाली आहे, आणि ते उघड गुपित आहे. मोठी घराणी आता कोरडी पांढरी वाइनही काढतात. बार्साकच्या क्लिमांसने 2018 सालापासून कोरडी वाइन सुरू केली. इकेमची कोरडी "इग्रेक" तर 1959 पासूनची आहे, पण ती हौस होती. आजची गरज आहे. रियुसेकने 2019 सालच्या वाइनपासून बाटलीच नवी आणली, पुन्हा पुन्हा बंद करता येईल अशा बुचाची, म्हणजे लोकांनी ती सणाची वस्तू न समजता फ्रिजमध्ये ठेवून रोज थोडी घ्यावी. कोणी बर्फ आणि संत्र्याची साल घालून द्यायला सांगतात. आमच्यातल्या एकाला हा अपमान वाटतो. दुसऱ्याचं म्हणणं, विकली गेली तर मळा राहील, मळा राहिला तर अपमान धुता येईल. यावर आमचं एकमत झालेलं नाही, होईल असं दिसतही नाही.

तिखटाबद्दल एक शब्द. परदेशी पुस्तकांत "करीबरोबर गोड वाइन" असा सरसकट सल्ला असतो. करी म्हणजे काय, हे ती पुस्तकं सांगत नाहीत. साखर तिखटाची आग थोडी शमवते, हे खरं. पण सोतेर्नमध्ये 13-14 टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोल ती आग भडकवतं. सौम्य, आल्याच्या, नारळाच्या अंगाचा पदार्थ असेल तर जमून जातं. झणझणीत रश्शापुढे एवढ्या महागड्या वाइनचे हाल करू नका. त्याला ताकच बरं.

आता दोन प्रश्न लिहून आलेत, ते घेऊन थांबतो.

पहिला: "मधुमेह असणाऱ्याने काय करावं?" वैद्यकीय सल्ला आम्ही देणार नाही, तो डॉक्टरांनी द्यायचा. हिशोब तेवढा सांगतो. 60 मिलीच्या लहान घोटभर वाइनमध्ये लिटरला 130 ग्रॅम धरले तर आठेक ग्रॅम साखर येते, म्हणजे दोन चमचे. आमच्यातल्या एकाला साखर मोजावी लागते. तो त्या रात्री दोन घोटच प्याला होता. मेथीवाला तोच.

दुसरा प्रश्न: "एकदा काडेपेटीसारखा वास आला, बाटली खराब होती का?" बहुतेक नाही. गोड वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून तिच्यात गंधकाचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं. युरोपच्या नियमात सोतेर्नला लिटरमागे 400 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनला 200. कोवळ्या बाटलीत ते नाकाला जाणवतं. हे कोणी आधीच सांगत नाही, आणि मग माणसाला वाटतं आपलंच नाक बिघडलंय. ग्लासात ओतून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, वास उडतो. फार थंडही देऊ नका. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर, दहा अंशांच्या आसपास. नेहमीचा पांढऱ्या वाइनचा ग्लास चालतो, बाहुलीच्या भांड्यांसारखे ते चिमुकले ग्लास नकोत, त्यात नाकच जात नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते. आमची अर्धी बाटली अर्थात त्याच रात्री संपली, कोंबडीच्या आधी.